चिकटलं, पण जुळलं नाही

सकाळचा जेल (आरएनए प्रोटीनला चिकटला की नाही हे पट्ट्यांवरून दाखवणारा थर) पाहून आमचा नवा विद्यार्थी जरा हिरमुसलाच. "मॅडम, म्युटंटही आरएनएला चिकटतोय की! मग बदल करून उपयोग काय झाला?"

ई. कोलाय या बॅक्टेरियातलं एचएफक्यू हे प्रोटीन आमच्या कामाचा विषय. सहा सारखे उपघटक मिळून त्याची वाटोळी कडी बनते. १९६८ साली ते सापडलं ते क्यू-बीटा विषाणूच्या आरएनएची प्रत काढायला लागणारा घटक म्हणून. छोट्या नियामक (म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या) आरएनएंशी त्याचं नातं कळायला पुढे तीसेक वर्षं गेली.

कडीच्या एका बाजूला युरासिल (यू, आरएनएचं एक अक्षर) बसतील असे कप्पे आहेत. नियामक आरएनएचं टोक बहुतेक वेळा सलग यू-यू-यू असं संपतं आणि ती शेपटीच तिथे अडकते. अगदी शेवटच्या यू-चा मोकळा ३' हायड्रॉक्सिल गट प्रोटीनमधल्या ५७ क्रमांकाच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला लागतो. म्हणजे शेपटी नुसती असून भागत नाही, ती तिथेच संपलेली असावी लागते. टी७ एन्झाइम आरएनए बनवताना टोकाला एखादं जास्तीचं अक्षर जोडून देतं, त्यामुळे असल्या प्रयोगात टोक तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. कडीच्या दुसऱ्या बाजूला ए-ने भरलेले तुकडे बसतात, ते सहसा एमआरएनएचे, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएचे.

आम्ही बदल केला होता तो या दोन्ही बाजूंना हात न लावता, कडीच्या काठावर. तिथे आर्जिनिन या अमिनो आम्लाचा पुंजका असतो. म्युटंट बनवताना त्यातला १६ क्रमांकाचा आर्जिनिन काढून त्या जागी अ‍ॅलनिन घातला. किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला डीएसआरए हा नियामक आरएनए घेतला आणि पुढच्या प्रत्येक खान्यात प्रोटीन वाढवत नेलं. मूळ प्रोटीनच्या खान्यांत खालचा, मोकळ्या आरएनएचा पट्टा विरत गेला आणि वर प्रोटीनला चिकटलेल्याचा नवा पट्टा उमटला. म्युटंटचंही जवळपास तेच. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर कोणतं कुणाचं, हे लेबल वाचूनच कळावं.

इथे थांबून 'या जागेला महत्त्व नाही' असं लिहून टाकणं फार सोपं असतं. पकड किती घट्ट याचा एक आकडा हातात आला की आपण त्यालाच प्रोटीनचं काम समजतो. पण पेशीत डीएसआरएला जाऊन जुळायचं असतं आरपीओएस या जनुकाच्या एमआरएनएशी. त्याची सुरुवातीची घडी रायबोसोम (प्रोटीन बनवणारं यंत्र) बसायची जागा झाकून बसलेली असते, ती डीएसआरए जुळल्यावर उघडते. तेव्हा दुपारी दोन्ही आरएनए एकत्र केले, ठरावीक सेकंदांनी थेंब काढून तिथेच अभिक्रिया थांबवली आणि प्रोटीन पचवून मग जेलवर चढवले. आता वरचा पट्टा दिसला तर तो दोन आरएनएंच्या जोडीचाच असणार.

स्कॅनरवर चित्र उमटलं तेव्हा विद्यार्थी खुर्चीतून उठलाच. मूळ प्रोटीनसोबत पहिल्याच थेंबात जोडी लख्ख दिसत होती. म्युटंटच्या खान्यांत शेवटपर्यंत पुसट सावली, प्रोटीन न घातलेल्या खान्यांपेक्षा थोडीच गडद. आर्जिनिनच्या पुंजक्याचं हे काम प्रसिद्ध झालेलं आहे, मला ते वाचून ठाऊकही होतं. तरी आपल्या जेलवर ते इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

दोन्ही आरएनए ऋणभारित, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. काठावरचे धनभारित आर्जिनिन ते ढकलणं कमी करतात आणि पहिल्या दोनचार बेस-जोड्या जमवून देतात. त्या जमल्या की पुढचं आपोआप होतं.

"मग ज्या बॅक्टेरियात काठावर आर्जिनिनच नाहीत, तिथे?" त्याने विचारलं. प्रश्न नेमका होता. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या एचएफक्यूत हा पुंजका नाही, आणि तिथल्या नियामक आरएनएंचं त्याच्यावाचून फारसं अडत नाही असंच दिसतं. ते प्रोटीन याच चाचणीत घालून पाहायचं ठरलं. जनुकाची ऑर्डर त्याने त्याच संध्याकाळी टाकली.