तुम्ही विचारलंत म्हणून: ठिसूळ हाडांसाठी गोळी, सलाईन की सहा महिन्यांचं इंजेक्शन?

"आईचा डेक्साचा, म्हणजे हाडांच्या घनतेचा, रिपोर्ट आलाय. टी-स्कोअर उणे ३.१. डॉक्टरांनी तीन औषधं सांगितलीत आणि घरी बोलून ठरवा म्हणालेत. त्यातलं चांगलं कुठलं?"

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारी बहुतेक वेळा मुलगी किंवा सून असते, आणि जिच्यासाठी विचारायचं ती पंचाहत्तरीच्या आसपासची. माझं उत्तर दरवेळी एकाच ठिकाणी येतं: पहिला डोस कुठला घ्यायचा याआधी पुढचा डोस वेळेवर कोण देणार आणि हे औषध थांबवताना काय करायचं, ते ठरवा. या औषधांपैकी काही मध्येच सोडली तरी फारसं बिघडत नाही. एक मात्र असं आहे की ते सोडून दिल्यावर पाठीचे मणके एकामागून एक दबू शकतात.

आधी औषध लागतंय का ते बघू. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून आलेला घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. पण आकड्यापेक्षा मोठा पुरावा म्हणजे मोडलेलं हाड. जूनमध्ये चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, पाय घसरतो आणि खुबा मोडतो. घरचे म्हणतात, पडली म्हणून मोडलं. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडता कामा नये. मोडला तर टी-स्कोअर काहीही असो, तो ठिसूळपणाच. ऑपरेशन होतं, रॉड बसतो, आई वॉकरवर चालायला लागते आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. हाडांचं औषध मात्र कुणी सुरूच करत नाही. याची मला फार हळहळ वाटते, कारण दुसरं हाड मोडण्याचा धोका त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतच सगळ्यात जास्त असतो.

रिपोर्ट वाचताना एक फसगत होते. म्हाताऱ्या पाठीत मणक्यांच्या कडा वाढलेल्या असतात, त्यामुळे कमरेचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून खुब्याचा आकडा बघा. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटरने कमी झाली असेल तर पाठीचा साधा एक्स-रे काढून घ्या. दबलेला मणका कित्येकदा दुखतही नाही.

"मग नुसतं कॅल्शियम दिलं तर?" नाही पुरत. सगळं मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि त्यातलं जमेल तेवढं ताटातून यावं: दूध, ताक, नाचणीची पेज, काट्यासकट चावून खाता येणारे छोटे मासे. उरलेलं गोळीतून. कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत कॅल्शियम असतं ५०० मिलिग्रॅम, आणि ती जेवणासोबतच घ्यायची. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तास अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते, साधारण आठ आठवडे. ती रोजची समजून घेणाऱ्या बायका काउंटरवर येतात. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गोंधळल्यासारखं वागणं असं दिसलं तर पुड्या मोजा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासा.

औषधाआधी रक्त तपासायचं ते कॅल्शियम, क्रिएटिनीन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईडसाठी. गरज वाटल्यास डॉक्टर पॅराथायरॉईड आणि प्रथिनांचीही तपासणी सांगतील, कारण हाडं दुसऱ्या आजारानेही विरळ होतात. यातलं क्रिएटिनीन नीट समजून घ्या, मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून काढतात. समजा, बाई ७८ वर्षांची, वजन ४२ किलो, क्रिएटिनीन १.१. लॅबच्या कागदावर ते नॉर्मल म्हणूनच छापून येतं. १४० मधून वय वजा करा, राहिले ६२. त्याला ४२ ने गुणा, मग ७२ गुणिले १.१ ने भागा, आणि बाई आहे म्हणून ०.८५ ने गुणा. उत्तर येतं जेमतेम २८, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, मिनिटाला मिलिलिटरमध्ये. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन ३५ च्या खाली देत नाहीत. म्हणजे कागदावर नॉर्मल असलेल्या या बाईचे दोन पर्याय त्या एका हिशेबात गेले. म्हणूनच मी आधी टी-स्कोअर विचारत नाही, वजन विचारते.

आता गोळी. अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. सगळ्यात स्वस्त, जुनी, आणि मणका व खुबा दोन्हींना सांभाळते हे नीट सिद्ध झालेली. ती वाया जाते ती घेण्याच्या पद्धतीमुळे. अगदी अनशापोटी घेतली तरी तिचा शंभरातला एक भागही रक्तात जात नाही. कॉफीबरोबर घेतली तर त्यातलंही निम्म्याहून जास्त बुडतं, आणि न्याहारीसोबत घेतली तर जवळजवळ शून्य. म्हणून एक वार ठरवा, समजा गुरुवार. उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. चावायची नाही, चघळायची नाही. पाणी दोन घोट नको, २०० मिली हवं, कारण गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम करते. मग किमान अर्धा तास ताठ बसायचं, उभं राहायचं किंवा चालायचं. आडवं व्हायचं नाही, वाकून केर काढायचा नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला तरी उंडो (पाव) थोडा थांबू दे. सकाळच्या बाकीच्या गोळ्याही अर्ध्या तासानंतर, आणि कॅल्शियम दुपारी. गुरुवार चुकला तर शुक्रवारी सकाळी घ्या आणि पुढच्या आठवड्यात परत गुरुवार धरा. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

जिला अर्धा तास ताठ बसवत नाही, जिला गिळताना अडकतं किंवा जिची अन्ननलिका अरुंद झाली आहे, तिला ही गोळी देऊ नये. जिला विसरायला होतं आणि घरात दुसरं कुणी नाही, तिच्या हातीही ती ठेवण्यात अर्थ नाही.

अशा घरांसाठी मला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सगळ्यात भरवशाचं वाटतं. मुलगा बोटीवर, मुलगी पुण्याला, आई घरी एकटी, हे चित्र गोव्यात गावोगावी आहे. ५ मिलिग्रॅमचं सलाईन, वर्षातून एकदा. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा सोबत जाऊन देऊन आणता येतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणके दबण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं ४१ टक्क्यांनी कमी झालं. सलाईन १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात सोडू देऊ नका. भरभर सोडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्या दिवशी दोन पेले पाणी जास्त प्यायला लावा, आणि दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पहिल्या वेळी पुढचे तीन दिवस ताप, अंगदुखी, कणकण येऊ शकते. पॅरासिटामॉल पुरतं. घाबरून पुढच्या वर्षीचं रद्द करू नका, दुसऱ्या वेळी हा त्रास बराच कमी होतो. ड जीवनसत्त्व कमी असताना मात्र देऊ नये, कारण रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर निदान दोन आठवडे जाऊ द्या. आणि फार्मसीत बाटलीवरचा आकडा वाचा. याच औषधाची ४ मिलिग्रॅमची बाटली कॅन्सरच्या रुग्णांसाठी असते. आपल्याला ५ ची हवी.

डेनोसुमॅबबद्दल मी जास्त बोलते, आणि ते मुद्दाम. ६० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. औषध उत्तम आहे, मूत्रपिंड थकलेल्यांनाही देता येतं, टोचणं दोन मिनिटांचं. म्हणून लोक पटकन हो म्हणतात. पण ते हाडात साठून राहत नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते फक्त रोखून धरतं, आणि सहा महिने उलटले की तो बांध सुटतो. तुंबून राहिलेल्या पेशी एकदम कामाला लागतात, कमावलेली घनता वर्षभरात निघून जाते, आणि काही जणींचे दोन-तीन मणके लागोपाठ दबतात. सातवा महिना उलटू देऊ नये. "गेल्या वेळी चवथीच्या आधी दिलं होतं, आताही चवथीच्या आधी देऊ" असं तिथीवर चालणाऱ्या घरात हमखास चुकतं. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. १८ दिवस तिथेच गेले. इथे तिथी नको, तारीख हवी. २७ ऑगस्टनंतर २७ फेब्रुवारी, बस्स.

हे थांबवायचं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण सहाव्या महिन्याला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅलेन्ड्रोनेट सुरू करून मगच थांबवायचं. आणि इथे पेच असा की मूत्रपिंडासाठी म्हणून डेनोसुमॅब निवडलेल्या बाईला बाहेर पडायचा हा रस्ता बंद असू शकतो. तो प्रश्न पहिल्या इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंड फारच खराब असेल, विशेषतः डायलिसिस चालू असेल, तर यानेही कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी जानेवारी २०२४ मध्ये याबद्दल सगळ्यात कडक इशारा दिला. अशांनी इंजेक्शनआधी आणि नंतरही कॅल्शियम तपासत राहायचं. इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. फ्रिजबाहेर ते १४ दिवस टिकतं, पण २५ अंशांच्या आत. आपल्याकडे असे दिवस किती? बर्फाच्या पिशवीतूनच घरी न्या.

टेरीपॅराटाइडचं काम वेगळं, ते नवं हाड बांधतं. पाठीचे मणके आधीच दबलेत किंवा टी-स्कोअर फारच खाली आहे, अशांना डॉक्टर ते सुचवतात. रोज २० मायक्रोग्रॅम, पेनने, पोटावर किंवा मांडीवर, जास्तीत जास्त दोन वर्षं. उघडलेलं पेन २८ दिवसांनी टाकून द्यायचं, औषध उरलं असलं तरी. पावसात वीज तासन्‌तास जाते तेव्हा फ्रिजचं दार उघडू नका. सुरुवातीचे काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून बसूनच टोचा. हाडांचा कॅन्सर किंवा हाडांवर रेडिएशन झालं असेल तर हे चालत नाही. आणि क्रम महत्त्वाचा: आधी बांधायचं, मग बांधलेलं राखणारं औषध लगेच सुरू करायचं. दोन वर्षांचा खर्च करून पुढे काहीच घेतलं नाही तर बांधलेलं हळूहळू जातं. डेनोसुमॅब थांबवून हे सुरू करणं हा उलटा क्रम, त्यात खुब्याचं हाड आणखी घटतं.

रॅलॉक्सिफीन आणि महिन्याची इबॅन्ड्रोनेट मणक्यांना मदत करतात, पण खुबा वाचवतात असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून पंचाहत्तरीला मी त्यांच्याकडे वळणार नाही. नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा स्प्रे जुन्या चिठ्ठीवर दिसला तर तो अजून का चालू आहे, हे विचारा.

जबड्याचं हाड कुजण्याच्या भीतीने कितीतरी जणी औषध सोडतात. ठिसूळपणासाठीच्या डोसमध्ये हे वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकंच आढळतं. दात काढायचे असतील ते आधी काढून घ्या आणि जखम भरू द्या. सिमेंट भरणं, दात साफ करून घेणं औषध चालू असताना चालतं. मांडीचं मात्र मनावर घ्या. बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत आठवडाभर बोथट दुखत राहिलं तर संधिवात म्हणून तेल चोळत बसू नका. मांडीच्या हाडाला तडा नाही ना ते बघायला दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढा, दुखत नसलेल्या बाजूचाही.

गोळी पाच वर्षं किंवा सलाईन तीन वर्षं झाल्यावर डेक्सा परत करून, शक्यतो त्याच मशीनवर, सुट्टी द्यायची का ते ठरवतात. मधल्या काळात हाड मोडलं असेल किंवा खुब्याचा आकडा अजून उणे २.५ च्या खाली असेल तर सुट्टी नाही. सुट्टी चालते ती या दोघांनाच, कारण ती औषधं हाडात साठून असतात. डेनोसुमॅबला सुट्टी नसते.