कळलावीला काठी बारीकच हवी

पावसाने जरा उघडीप दिली की ऑगस्टातल्या दुपारी करवंदीच्या जाळीवर कळलावी अशी पेटलेली दिसते की गाडीवरचा माणूससुद्धा वळून बघतो. फूल खाली मान घालून, पण सहाही पाकळ्या उलटून वर गेलेल्या, कडा नागमोडी. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. फूल जुनं झालं की सगळंच लालभडक. सहा पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले, आणि स्त्रीकेसर मात्र काटकोनात वळून बाजूला निघून गेलेला. आपलाच पराग आपल्याला लागू नये, असा सगळा बेत. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती होते, तिथे म्हणूनच सकाळी फुलाफुलावर हाताने पराग लावत फिरतात.

ग्लोरिओसा हा वंश दहा-बारा जातींचा, बहुतेक आफ्रिकेतल्या. आपल्याकडची ही एकच. कोकणात गौरीच्या पूजेला ती हवी असते. दारात लावली तर घरात भांडणं होतात, हेही ऐकवलं जातं. भांडणाऱ्यांना वेल लागत नाही.

लावायची तर कंद मेअखेर, हातमोजे घालून. तो नांगरासारखा वाकडा असतो आणि कोंब फक्त टोकाला येतो. टोक मोडलं की कंद कितीही जाडजूड असो, फुकट. आडवा ठेवून चार बोटं माती घालावी. कुंडी फूटभर खोल, पाणी न साचणारी. पानाचं टोकच गुंडाळी करून आधार धरतं, त्यामुळे पेन्सिलीएवढी काठी किंवा सुतळी द्यावी. लोक हौसेने जाड बांबू रोवतात आणि वेल त्याच्या पायाशी लोळत राहते. पावसाळा सरला की ती वाळते. मेली समजून पाणी वाढवलं तर कंद कुजणार. तेव्हा पाणी तोडायचं. खाली जुना कंद संपून नवा तयार झालेला असतो. बियांपासून फुलायला तीन-चार वर्षं लागतात, तो नाद नकोच.

सगळी वेल विषारी, कंदही अर्थातच. त्यातलं कोल्चिसिन थोड्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे, जास्त झालं की पेशींचं विभाजनच थांबवतं. कंद रताळं समजून खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबले म्हणून माणसाला घरी आणू नये. रक्तपेशी त्यानंतर घटतात, केस त्याहून उशिरा गळतात. दवाखान्यात जाताना उरलेला कंद पिशवीत घालून न्यावा.