बुलेटची टाकी आणि तांबट नाना

जळगावात हायवेला लागून माझं गॅरेज आहे. बुलेट, येझदी, राजदूत असल्या जुन्या गाड्या (लोक डबडी म्हणतात, म्हणू द्या) चालत्या करायच्या आणि कुणाला हौस असेल तर कस्टम करून द्यायच्या, असा धंदा. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे, तो दिवस मी विसरणार नाही म्हणून लिहून ठेवतोय.

रावेरकडचा एक केळीवाला पोरगा आजोबांची १९७३ ची बुलेट टेम्पोत घालून घेऊन आला. ३५० सीसी, कास्ट आयर्नचं इंजिन, गियर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, न्यूट्रल शोधायला टाचेनं दाबायची ती छोटी दांडी पण शाबूत. इंजिन उघडलं तर सिलेंडर आतून एकदाच घासून मोठं केलेलं (आम्ही ओव्हरसाइज म्हणतो), म्हणजे अजून दोन-तीनदा बोअर करता येईल इतका जीव शिल्लक. पोरगा मात्र इंजिनकडे बघेचना, त्यानं मोबाईल काढला आणि मॅन्क्स नॉर्टनचा फोटो दाखवला, ती इंग्लंडची जुनी रेसिंगची गाडी, लांबलचक टाकी, गुडघे बसायला दोन्ही बाजूंना खोबण्या, नुसतं पॉलिश मारलेलं अ‍ॅल्युमिनियम. "मले अशीच टाकी पाहिजे दादा, आणि मागचा चेसिस कापून टाक."

टाकी करू म्हटलं, चेसिस कापणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर कंपनीनं जे दिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे. शिवाय ही गाडी पन्नाशीच्या पुढची, २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी वीस हजार, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. तो म्हणे, त्या नंबरवर रोज फिरवता येईल का? म्हटलं नाही, रॅली, प्रदर्शन एवढंच. "मग काय कामाचं?" बरोबर आहे त्याचं पण. तरी माझा आपला एक हेका आहे, जे लावायचं ते बोल्टवर लावायचं, उद्या कुणाला वाटलं तर अर्ध्या दिवसात गाडी होती तशी झाली पाहिजे, ग्राइंडर एकदा फिरला की विषय संपला. जुनी टाकी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

आता टाकी. रेडिमेड फायबरची मिळते, पण हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, फायबरचं रेझिन त्यात मऊ पडू शकतं, नको ती कटकट. अ‍ॅल्युमिनियमची हातानंच करायची ठरली. थर्माकोल घासून चेसिसवर आकार बसवला, त्यावरून सहा मिलीच्या सळईचा सांगाडा वाकवला, दोन मिलीचा म्हणजे १४ गेजचा पत्रा आणला, आणि तीन दिवस ठोकून ठोकून जे काय तयार झालं ते बघून हेल्पर म्हणाला, "शेठ, पापड तळला का?" इंजिन मला कळतं, वेल्डिंग येतं, टाकीचे पोचे पण काढतो, पण सपाट पत्र्याला दोन्हीकडून गोलाई देणं हे वेगळंच काम आहे. मधे पत्रा ताणून पातळ होतो आणि कडेला चुण्या पडतात.

तेव्हा आठवले नाना. जुन्या गावात तांबटकी करतात, आमच्या आईचं घंगाळ त्यांनीच ठोकून दिलं होतं. वय सत्तरीच्या पुढे, हल्ली काम फार येत नाही. सांगाडा, पत्रा आणि थर्माकोलचा तो आकार घेऊन सकाळी सहालाच गेलो, कारण दहानंतर आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही, ४४ च्या वर पारा असतो. नानांनी सांगाडा फिरवून फिरवून बघितला. "हे काय आणलं रे भो, डेऱ्याचं पिल्लू?" मग पत्रा वाकवून बघितला. "याले आधी नरम करावं लागंल."

पितळ कसं नरम करतात ते मी तिथंच पाहिलं होतं, भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात टाकायचं. नानांचं दुकान अंधारं आहे, मला वाटायचं लाइटबिलापायी, तर ते तसं नाही, उजेडात लाली बरोबर कळत नाही म्हणून अंधार लागतो. पत्रा भट्टीत गेला, नाना लाल व्हायची वाट बघत बसले, मी पण बघत बसलो, आणि पत्रा लाल न होताच मधून खचला. मुठीएवढं भोक. अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि तोपर्यंत डोळ्याला लाली दिसतच नाही, हे मला माहीत असायला पाहिजे होतं, होतंही खरं तर, पण नानांपुढे शहाणपणा कोण करणार.

नाना काही बोलले नाहीत, ब्लोअर बंद केला आणि चहा सांगितला. मला फार वाईट वाटलं. पत्रा काय, दुसरा होता, पण या माणसाला रंगावरून धातू कळतो आणि आपण त्याच्यापुढे रंगच न बदलणारा धातू नेऊन ठेवला.

एमआयडीसीत एक पोरगा आहे, चटईच्या कारखान्यांच्या आणि दालमिलच्या मशिनींचे पार्ट आर्गॉन गॅसच्या वेल्डिंगनं जोडतो, टाकी त्याच्याकडेच जोडायची होती. आज काम येणार नाही सांगायला त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला, म्हणे साबण लावा ना! धुण्याची वडी पत्र्यावर घासायची आणि गॅसची फ्लेम फिरवायची, साबण आधी तपकिरी होतो मग काळा पडतो, काळा पडला की थांबायचं. नानांनी हे ऐकलं आणि आत बघून आवाज दिला, "धुण्याची वडी आण गं." सुनेनं आणून दिली, पण तिच्या चेहऱ्यावरून आमच्या दोघांबद्दल तिचं काय मत झालं ते कळत होतं.

मी टॉर्च धरला, नाना साबणावर डोळा ठेवून बसले. तपकिरी, मग काळा, "बस!" पाणी मारलं. पत्रा हातात घेतला तर ओल्या पापडासारखा लवला. पुढचे सहा तास मी नुसता बघत होतो. बाभळीच्या ओंडक्यात खोलगट खड्डा केलेला, त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ठोके, एकावर एक ठोका नाही, शेजारी शेजारी. कडेला चुणी आली की मी तीन दिवस ती सपाट करत होतो, नाना ती पसरू देत नव्हते, जागच्या जागी जिरवत होते, त्यानं कड आखडते आणि गोलाई आपोआप येते. आणि कान! ठोक्याचा आवाज आधी धप धप येतो, पत्रा कडक व्हायला लागला की टणटण येतो, तो बदलला की मोगरी खाली आणि "साबण." दिवसभरात चार वेळा साबण झाला. गुडघ्याची खोबण जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारीच्या टोकावर उलटी ठोकून काढली.

दुपारी एक बाजू तयार झाली, सांगाड्यावर ठेवली तर बोट जाईल एवढी पण फट नाही. दुसरी सुरू केली, मी पाणी प्यायला उठलो, आलो तर नाना परत डावीच बाजू ठोकत होते. ओरडलोच मी. नाना थांबले, दोन्ही पत्रे शेजारी धरले आणि खो खो हसले. आयुष्यभर हंडे, कळशा, घंगाळं, सगळं गोल, त्यात डावं-उजवं कुठून येणार! नशीब, गोलाई नुकतीच धरली होती, साबण लावून परत फिरवता आली. मग कोळशानं पत्र्यावर मोठं 'उ' लिहून ठेवलं.

वरचा पत्रा आणि खालचा बोगदा (चेसिसचा पाइप ज्यात बसतो ती खाच) पुढच्या तीन दिवसांत झाला. आर्गॉनवाल्यानं कडा नव्या ब्रशनं घासून, अ‍ॅसिटोननं पुसून जोडल्या, झाकणाचं तोंड लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडातून काढलं, कारण लोखंडी तोंड याला जोडताच येत नाही. सायकलच्या पंपानं थोडीशी हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तीन ठिकाणी बुडबुडे, ते परत भरले. जाड रबरावर बसवून वरून पट्टा, कारण बुलेटचं एक सिलेंडर ज्या प्रकारे हादरतं त्यात घट्ट बसवलेलं अ‍ॅल्युमिनियम तडकायला वेळ लागत नाही. नानांनी वरून मठारून दिली होती, बारीक ठोक्यांची नक्षी, त्यामुळे पॉलिशचा विचार पोरानं स्वतःच सोडला.

खरी पंचाईत मजुरीची झाली. नानांचा हिशोब किलोवर, भांड्याची घडणावळ वजनावर असते. टाकी काट्यावर ठेवली, तीन किलो चारशे. त्या हिशोबानं चार दिवसांचे जे पैसे निघाले तेवढ्यात माझा हेल्पर एक दिवस पण येत नाही. मी जास्त देतो म्हटलं तर नाना ऐकेनात, भाव म्हणजे भाव. शेवटी रावेरवाला पोरगा बोलला, केळीच्या वजनमापात वाढलेला तो, "नाना, पितळाची असती तर किती भरली असती?" तिप्पट तर सहज. मग पितळाच्या वजनानं लावा म्हणे. नानांनी थोडा विचार केला आणि मानलं. तरी कमीच झाले माझ्या मते.

गाडी न्यायच्या दिवशी पोरगा टाकीखाली मोबाईलचा टॉर्च मारून मला बोलावतो. मागच्या पट्ट्याजवळ, सीटखाली झाकलं जाईल अशा जागी ठिपक्या-ठिपक्यांनी त्याच्या आजोबांचं नाव, आडनाव आणि खाली 'रावेर'. हंड्यावर घालतात तसं. माझ्या पोटात गोळा आला, लगेच नानांना फोन लावला, नाना अहो पेट्रोलची टाकी आहे, भोक पडलं असतं म्हणजे? नाना शांतपणे म्हणाले, "पन्नास वरीस नावं टाकून राह्यलो, एक हंडा गळला नाही."

पोरगा गेटपाशी सेल्फी काढत होता तेवढ्यात मी गुपचूप त्या नावावर साबणाचं पाणी लावलं, पंप मारला. एक बुडबुडा आला नाही.