भर बाजारातला मांडव

दिवाळी झाली की कोकणात आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव उभा राहतो. पोफळीचे खांब, वर बांबू, त्यावर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप. मृगाच्या आत तो उतरवायचा. स्पेनमधल्या सेव्हियात पहिल्याच उन्हाळ्यात मान वर केली आणि मला तसाच मांडव दिसला, तोही भर बाजारात.

सिएर्पेस ही तिथली दुकानांची गल्ली. उन्हाळ्याच्या तोंडावर समोरासमोरच्या इमारतींमध्ये कापडाचे लांब पट्टे ताणून बांधतात. त्यांना म्हणतात तोल्दो. तिकडे पारा सहज चाळिशी ओलांडतो, तरी त्या गल्लीतून म्हातारी माणसं पिशवी घेऊन सावकाश चाललेली असतात. उन्हाळा सरला की कापडही उतरतं. एका चौकात तर २०११ साली लाकडाचं जाळीदार छप्पर उभं राहिलं, सुमारे १५० मीटर लांब आणि २६ मीटर उंच. लोक त्याला अळंबी म्हणतात. खाली मंडई भरते.

कारंजीही जागोजागी आहेत. दुपारी त्यांच्याजवळ बसलं की खरंच गार वाटतं, कारण तिथली हवा कोरडी असते. पाणी भराभर उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता ओढून घेतं. आपल्याकडे कोकणात मे महिन्यात घामसुद्धा अंगावर वाळत नाही, तिथे कारंजं काय गारवा देणार? आपल्याला हवी दाट सावली, वाऱ्याला मोकळी वाट आणि प्यायला माठातलं पाणी.

यंदा सुट्टीवर आले तेव्हा काकीबरोबर हायवेच्या थांब्यावर गेले. चौपदरीकरणात तिथला वड गेला आणि पत्र्याची शेड आली. एस.टी.ची वाट बघणारी सगळी माणसं शेडच्या मागे, तिच्या सावलीच्या पट्ट्यात उभी होती. आत कोणीच नाही. मी बाकावर टेकायला निघाले तर काकीने हात धरला. "आत नको गो, भाजून निघशील."

पत्रा तापतो आणि ती धग खाली डोक्यावर सोडतो. झापातून वारा खेळतो. हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं, आपल्याला अंगणापुरतं ठाऊक आहे. रस्त्यावर मात्र सावली हे कोणाचंच काम नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेतली पोरंही तिथेच उभी असतात.

काकीला सांगून ठेवलंय, दिवाळीनंतर झाप विणायला बसाल तेव्हा वीस जास्त विणा. खांबांचे पैसे मी पाठवते. थांबा घरापासून पाच मिनिटांवर तर आहे.