‘यंदा किती वाढलात?’

एप्रिल लागला की भेटेल तो हेच विचारतो, ‘काय मॅडम, यंदा किती वाढलात? पुढचा प्लॅन काय?’ सॉफ्टवेअरच्या देखभालीचं वार्षिक बिल हातात ठेवलं की दूध संस्थेचे चेअरमन विचारतात, लग्नात गाठून आत्या विचारते. आत्याच्या प्रश्नाला ‘अजून पाचच माणसं?’ अशी शेपूटही असते. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आम्ही २०१४ पासून गडहिंग्लजमध्ये बसून गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. काट्यावर दूध, मशीनवर फॅट, दरपत्रकातून दर, हातात चिठ्ठी आणि दर दहा दिवसांनी बिल. यंदा नऊ संस्था नव्या आल्या, दोन सोडून गेल्या, माणसं तेवढीच राहिली. उलाढालीचं सीएंना विचारा. माझं मोजमाप वेगळं आहे. बिल दहा दिवसांचं, म्हणून आमचे फोन १, ११ आणि २१ तारखेला खणाणतात. टेबलावर एक वही असते, प्रत्येक फोनला एक रेघ. गेल्या वर्षी ११ एप्रिलला ६२ रेघा होत्या.

सगळ्यात जास्त रेघा कमी केल्या त्या एका नववीतल्या मुलीनं. तिच्या वडिलांच्या बिलावर सरासरी फॅट ६.५ छापून आलं होतं, तिच्या हिशेबानं ६.४ येत होतं. सचिवांनी ‘कॉम्प्युटर चुकत नसतो, बाळ’ म्हणून तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठ्याच घेऊन आली. त्या चिठ्ठ्यांचा फोटो मला आला. सकाळी ६ लिटर, फॅट ६.०. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ७.०. आमचा प्रोग्रॅम दोन्ही फॅटची बेरीज करून दोनानं भागत होता. पण दोन्ही वेळचं दूध सारखं कुठे होतं? लिटरनं गुणून मग भागायचं, की येतं ६.४. पैसे प्रत्येक चिठ्ठीप्रमाणे पडतात, त्यामुळे रक्कम कुणाचीच चुकली नव्हती. चुकत होता तो बिलाच्या कोपऱ्यातला एक आकडा, तोही अकरा वर्षं, आणि ती ओळ मीच लिहिलेली. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. चूक आमची होती हे सगळ्या संस्थांना कळवायचा धीर गोळा करण्यात दोन दिवस गेले. ‘फॅट जुळत नाही’ असे फोन यायचे, तेव्हा इतकी वर्षं आम्ही खुशाल ‘मशीन तपासून घ्या’ म्हणून सांगत होतो.

दुसरी प्रगती दाखवता येण्यासारखी नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला संस्था विकतात त्या तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आदल्या रात्री, सर्वपित्री अमावास्येला, घरून आणलेले वडे खात आम्ही ऑफिसात बसून राहिलो. बारा वाजून गेले आणि काहीच झालं नाही. २०१७ साली आम्ही कराचा टक्का थेट प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवला होता. पुढे एक दर बदलला आणि जुनी बिलंसुद्धा नव्या दरानं छापून यायला लागली. आता दर तारखेसकट साठवतो. नवं बिल ५ नं, जुनं कधीही उघडा, १२ नंच.

आता पुढचं. उत्पादकाला दर वेळच्या दुधाचा मेसेज मराठीत द्यायचाय. ऐकायला सोपं वाटतं. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांत बसतो, मराठी ७० मध्ये बसवावा लागतो. त्यापुढे गेला की दोन मेसेजचे पैसे. त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. ‘म्हैस’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, तिथे ती पाच भरतात. मजकुराचा मसुदाही आधी नोंदवावा लागतो, मग रोज बदलता येत नाही. त्यामुळे सध्या ऑफिसात ‘म्है’ लिहायचं की नुसतं ‘म्ह’, यावर दोन तट पडलेत. मी ‘म्है’च्या बाजूनं आहे.

एआयचं काय, हेही विचारतातच. प्रोग्रॅम लिहिताना वापरतो की! पण यंदा सहावं माणूस घ्यायचंय ते मोटरसायकलवर गावोगाव फिरणारं. पहाटे सहाला संकलन सुरू होतं, किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असतात आणि प्रिंटरची वायर उंदरानं कुरतडलेली असते. पुण्याला ऑफिस का टाकत नाही, याचंही उत्तर त्यात आलं.

आज ११ एप्रिल. दुपारचा दीड वाजलाय. रेघा १९, त्यातल्या तीन आत्याच्या.