नामदेवांची गूडी आणि सातवीचा तास

संक्रांतीच्या आठवड्यात येवल्यात मराठी शिकवणं सोपं नसतं. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. त्याच्या आधीपासूनच मुलांच्या बोटांवर मांज्याच्या चिरा दिसायला लागतात. लांबून कुठून हलकडी हे वाद्य वाजलं तरी माझा सातवीचा वर्ग खिडकीकडे वळतो. बाकी ठिकाणी फिरकी असते, आमच्याकडे आसारी. कुणाची आसारी किती जुनी, आजोबांची की काकांची, यावर मधल्या सुट्टीत भांडणं लागतात.

अशा मुलांना मी बरीच वर्षं पतंगावरच्या बोधकविता शिकवत आले, याचं मला आता फार वाईट वाटतं. अंकलिपीत ‘प’ पतंगाचा असतो तिथपर्यंत सगळं छान चालतं, कारण तिथे पतंग म्हणजे पतंगच असतो. पुढे वाचनाच्या पुस्तकांत तो बिचारा उपदेशक होतो. पतंगाला गर्व होतो, तो दोरी तोडायला बघतो, दोरी तुटते आणि तो चिखलात पडतो. खाली प्रश्न ठरलेला: पतंग आपल्याला काय शिकवतो? उत्तरही ठरलेलं: उंच जावे, पण दोर सोडू नये.

दोन वर्षांपूर्वी हे उत्तर मी फळ्यावर लिहीत होते, तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, दोर सोडल्याशिवाय पतंग वर जातच नाही. ढील द्यावी लागते.”

मी खडू खाली ठेवला. त्याचं बरोबर होतं. नुसता धरून ठेवलेला पतंग हातभर वर गोते खात राहतो. खेच आणि ढील, दोन्ही लागतात, आणि कधी काय द्यायचं हे वाऱ्यावर ठरतं. ती कविता लिहिणाऱ्याने पतंग खालून, लांबून पाहिला असणार. वर्गातल्या मुलांच्या बोटांना जे माहीत होतं ते कवितेला माहीत नव्हतं, आणि त्या मुलांनी पाच गुणांसाठी खोटं उत्तर लिहावं अशी माझी अपेक्षा होती.

त्या दिवसापासून मी पतंग शोधायला लागले. हिंदीच्या अभ्यासक्रमात तो बरा भेटतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात प्रेमचंदांची ‘बड़े भाई साहब’ ही गोष्ट आहे. अभ्यासावरून धाकट्याला सतत सुनावणारा मोठा भाऊ शेवटी कटलेल्या पतंगाची लोंबती दोर उडी मारून पकडतो आणि वसतिगृहाकडे पळत सुटतो. धाकटा त्याच्या मागे. उंच होता म्हणून त्याचा हात पोचला, एवढंच. बारावीच्या पुस्तकात आलोक धन्वांची ‘पतंग’ ही कविता आहे, भादव्याचा पाऊस ओसरल्यावर गच्च्यांच्या कडांवरून धावणाऱ्या मुलांची. दोन्हीकडे पतंग शिकवायला येत नाही, आणि म्हणूनच मुलं तिथे थांबतात.

पण मला मराठीच्या तासाला पतंग हवा होता. तो मिळाला पंजाबात.

संत नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. २०१५ साली पंजाबात घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा माझे मामा तिथे जाऊन आले होते. त्यांनी आणलेली नामदेवांच्या पदांची पुस्तिका माझ्या कपाटात तशीच पडून होती. ती काढली आणि रामकली रागातल्या एका पदापाशी मी अडकले:

आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले।
पंच जना सिउ बात बतऊआ चीतु सु डोरी राखीअले॥

कवीचं नाव न सांगता मी या ओळी फळ्यावर लिहिल्या. भाषा कोणती? कुणी हिंदी म्हणालं, कुणी गुजराथी. एक मुलगी बराच वेळ ओठ हलवत होती. ती म्हणाली, “मॅडम, शेवटी ‘ले’ येतंय. ‘इवलेसे रोप लावियेले द्वारी’सारखं.” मला टाळी वाजवावीशी वाटली. ‘गूडी’पाशी मात्र सगळे अडले. सगळ्यांना गुढीपाडव्याची गुढी आठवली. मग एकजण म्हणाला, कागद आणला, कापला आणि आकाशात फिरवला, तर तो पतंगच की! पंजाबीत पतंगाला गुड्डी म्हणतात, हे मी नंतर सांगितलं. त्याची गरज उरली नव्हती.

दुसरी ओळ मी त्यांच्यावरच सोडली. पतंग उडवणारा पाच जणांशी गप्पा मारतोय आणि चित्त दोरीत आहे. असं जमतं का?

ढील देणारा तो मुलगा उभा राहिला. त्याने हवेतच तर्जनी वाकवून दाखवली. “मांजा या बोटावर असतो मॅडम. गप्पा मारताना वर बघावं पण लागत नाही. पेच लागला की बोटाला कळतं.”

‘चित्त म्हणजे मन’ असा शब्दार्थ मी इतकी वर्षं लिहून देत आले. त्याने तो बोटावर दाखवला. नामदेव नेमकं हेच म्हणतात: मन रामनामात असं असावं, प्रपंचातल्या गप्पा चालू असताना. कुठेही गर्विष्ठ पतंग नाही, कुणी चिखलात पडत नाही. नामदेवांनी पतंग उडवणाऱ्याला जवळून पाहिलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढच्या कडव्यांत पाण्याची घागर घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली आहेत, चित्त घागरीत. पाच कोसांवर चरणारी गाय आहे, चित्त वासरात. शेवटी त्रिलोचन या संताला उद्देशून पाळण्यातल्या बाळाची आई आहे, घरात-बाहेर कामात गुंतलेली. मी मुलांना म्हटलं, तुम्ही एक कडवं जोडा. एकाने कढईत पुऱ्या तळत मोबाइलवर बोलणारी आई लिहिली. एका विणकराच्या मुलीने दोनच ओळी लिहिल्या: बाबा मागावर बसून शेजारच्या काकांशी बोलतात, धोटा इकडून तिकडे जातो, तार तुटली की बाबा वाक्य अर्धं सोडतात. वही परत देताना मी गुण द्यायचे विसरले.

त्याच तासाला नायलॉन मांज्याचाही विषय निघाला. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो कुठून तरी येतोच. एका मुलाने पंख कापलेली घार घरी आणली होती. ती जगली नाही, एवढं सांगून तो खाली बसला. त्यावर वर्गाने आणि मी जे बोललो ते पुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायात बसणारं नव्हतं.

यंदा करीच्या दिवशी संध्याकाळी मी गल्लीतून जात होते. वरून “वकाट!” असा, पतंग कटल्यावर होतो तो ओरडा झाला. मान वर केली तर तोच ढील देणारा मुलगा, आता नववीत गेलेला. माझ्याकडे पाठ, पाचसहा मित्र भोवती, सगळे एकदम बोलतायत.

मी खालून हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

“या ना मॅडम वर,” तो म्हणाला, “जिना मागच्या बाजूने आहे, तिसरी पायरी तुटलीये, जपून.”