काळा घोडा ते टाउन हॉल : चित्रे, ग्रंथ आणि एक व्याख्यान

पुण्याहून सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघाले की साडेदहाच्या सुमारास मुंबईत उतरता येते आणि जहांगीर कलादालन अकराला उघडते; म्हणून फोर्टमधील काळा घोडा भागातली चित्रप्रदर्शने, ग्रंथालय आणि संध्याकाळचे व्याख्यान एकाच दिवसात बसवण्याचा बेत आम्ही आखला. वार मुद्दाम गुरुवार निवडला. जहांगीरमधील प्रदर्शने बहुधा मंगळवारी सुरू होऊन सोमवारी उतरतात, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते आणि टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाला रविवारी सुट्टी असते. तेव्हा बाहेरगावच्या माणसाला बुधवार ते शुक्रवार हे दिवस सोयीचे.

जहांगीरला तिकीट नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभ्या राहिलेल्या या दालनात चित्रकार बहुधा स्वतःच आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात, आणि तरीही बहुतेक प्रेक्षक त्यांच्याशी एक शब्दही न बोलता पाच मिनिटांत बाहेर पडतात. हा निव्वळ करंटेपणा आहे. सांगलीकडील एका तरुण चित्रकर्तीला आम्ही सहज विचारले, तर ती म्हणाली, “सर, इथे अर्ज केला तेव्हा मी कॉलेजात होते.” दालन मिळण्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. कोपऱ्यातील दोन जलरंगचित्रे तिच्या त्या काळातली होती आणि त्यांत उसाचा फड पात्यापात्यासह रंगवलेला होता. समोरच्या भिंतीवरील मोठ्या कॅनव्हासवर तोच फड होता, पण तिथे केवळ उभ्या हिरव्या-करड्या रेघा उरल्या होत्या. तिने सांगितले नसते तर या दोन चित्रांचे नाते आमच्या ध्यानात आले नसते. चित्राच्या बाजूला लाल टिकली दिसली तर ते विकले गेले असे समजावे. किंमत विचारण्यात संकोच बाळगू नये. छायाचित्र घेण्यापूर्वी मात्र चित्रकाराची परवानगी घ्यावी.

तेथून रस्ता ओलांडून पुढे गेले की आधुनिक कला संग्रहालय लागते. सर कावसजी जहांगीर सभागृहाची ही जुनी इमारत आतून बदलून १९९६ साली ते सुरू झाले. येथे अल्प शुल्क आहे. दालने एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवूनच जावे. जेवण आटोपून एशियाटिककडे जाताना वाटेत १८७० सालची डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत दिसते. तेथील वाचनकक्ष सभासदांसाठी असल्याने आम्ही बाहेरूनच पाहून पुढे निघालो.

एशियाटिकसाठी मात्र निदान दोन तास राखून ठेवावेत. संस्थेची स्थापना १८०४ सालची, तर टाउन हॉलची वास्तू १८३३ साली पूर्ण झालेली आहे. रुंद पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, पण त्यांतील फार थोडे लोक आत येतात. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे, आणि तो न पाहता मराठी माणसाने परत फिरू नये. संस्थेच्या संग्रहात इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे हस्तलिखित आहे आणि पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपातून काढलेले अवशेषही आहेत, परंतु अशा वस्तू एरवी मांडून ठेवलेल्या नसतात, म्हणून केवळ त्यांच्यासाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि नवखा माणूस दोहोंत हमखास गल्लत करतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या ग्रंथालयांकडे पाठवायची असते, त्यांपैकी हे एक; तेव्हा जुने मराठी पुस्तक शोधायचे असेल तर चौकशी येथे करावी आणि जाताना लेखकाचे नाव व प्रकाशनाचे वर्ष लिहून न्यावे, म्हणजे कर्मचाऱ्यांचेही काम सोपे होते.

संध्याकाळी याच इमारतीतील दरबार हॉलमध्ये ताम्रपटांवरील, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या जुन्या दानपत्रांवरील, व्याख्यान ऐकले. अशी व्याख्याने बहुधा सर्वांना खुली असतात. वक्त्यांनी पडद्यावर दाखवलेल्या दानपत्रातील सीमावर्णन, म्हणजे पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमुक गाव, हे एवढे तपशीलवार होते की शेजारी बसलेले निवृत्त तलाठी हळूच म्हणाले, “आमची चतुःसीमा काय वेगळी असते, सांगा बरं!” प्रश्नोत्तरांचा अर्धा तास मूळ भाषणाहून रंगला.

एक अडचण मात्र आहे. परतीची डेक्कन क्वीन पाचनंतर लगेच सुटते, त्यामुळे व्याख्यान ऐकायचे असेल तर तिचे आरक्षण करू नये. टाउन हॉलपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. रात्रीच्या गाडीत जागा मिळाली नाही, तर दादरहून पुण्याची बस धरावी.